चौऱ्याहत्तर किलो

माझ्या भावजयीला मला एक आकडा सांगायचा होता आणि चौदा महिने मी तो सांगितला नाही. सदुसष्ट किलो सहाशे ग्रॅम. सांगायला दोन सेकंदही लागत नाहीत. कारखान्यातली माणसं माझ्या पावलांचा आवाज ऐकून गप्पा आवरतात, इतका माझ्या रागाचा लौकिक आहे. पण भावजय समोर आली की माझीच दातखीळ बसायची.

आधी गाडीचं सांगते, कारण तो आकडा गाडीतूनच निघाला.

आम्ही वर्षाला सात-आठ गाड्या बनवतो. दोघांपुरत्या, बुटक्या, वेगाच्या. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे जवळजवळ गाडीच्या पोटात. सगळं जड सामान मधोमध असल्यामुळे ही गाडी वळायला फार उतावीळ. स्टिअरिंगला नुसता हात लावला की निघालीच. पण याच उतावीळपणाची दुसरी बाजूही आहे. भर वळणावर माणूस घाबरला आणि त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर भार पुढे धावतो, मागची चाकं हलकी होतात आणि मागचा भाग गरकन फिरून पुढे येतो. म्हणून आम्ही इंजिनाची ताकद चारही चाकांना दिली आहे. ड्रायव्हरच्या मांडीजवळून एक दांडा पुढे जातो आणि त्याच्या वाटेत एका बंद डब्यात चकत्या असतात. मागची चाकं घसरू लागली की त्या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात, जास्त ताकद पुढे जाते आणि पुढची चाकं गाडीला ओढून वळणाबाहेर काढतात. अट एकच, भीती वाटली तरी पाय दाबूनच ठेवायचा.

हे वाक्य माझ्या धाकट्या भावाचं. तो आमचा चाचणीचा ड्रायव्हर. लहानपणी काडीसारखा होता म्हणून घरात बारक्या नाव पडलं, पुढे सहा फूट झाला तरी बारक्याच राहिला. गाड्या तो चालवायचा आणि त्यांचा तोल मी लावायचे. आईने भांडणं सोडवून सोडवून हात टेकले होते, आणि आम्ही दोघं एकाच छपराखाली नोकरीला लागलो तेव्हा तिने कारखान्याच्या मालकाला खरोखरच सांगून ठेवलं होतं की यांना एका खोलीत बसवू नका.

तोल लावायचा म्हणजे काय, तर गाडीच्या चारही चाकांखाली एकेक वजनकाटा ठेवायचा. टाकीत अर्धं पेट्रोल, टायरांत नेमकी हवा, आणि सीटवर ड्रायव्हर. मग प्रत्येक चाकावर किती भार येतो ते पाहायचं आणि स्प्रिंगखालच्या कड्या पाव-पाव फेरा फिरवत तो भार सारखा करत न्यायचा. एक कोपरा उचलला की समोरचा तिरपा कोपराही जड होतो, उरलेले दोन हलके होतात. एका गाडीला दोन दिवस जातात. ड्रायव्हरशिवाय हे जमत नाही, कारण रिकाम्या सीटची गाडी कोणी चालवत नाही. बारक्या बाहेर असला तर त्याच्या जागी मी वाळूच्या पिशव्या ठेवायचे, बरोबर चौऱ्याहत्तर किलोच्या. हेल्मेट, जॅकेट, बुटांसकट त्याचं वजन दहा वर्षं तेवढंच होतं. शंभर ग्रॅम इकडेतिकडे झाले तर तो सकाळी दोन घास कमी-जास्त खाऊन यायचा. "ताई, मी तुझ्या गाडीचा सुटा भाग आहे," म्हणायचा. "माझाही नंबर तुझ्या यादीत लिहून ठेव."

त्या वर्षी आम्ही नवी गाडी करत होतो. बारक्याने तिच्याबाबत हट्टच धरला होता. घाबरून पाय काढणाऱ्यालाही तिने सांभाळून घ्यायचं.

"अरे, पाय काढायचा नाही हे तूच सगळ्यांना शिकवतोस ना?" मी म्हणाले.

"शिकवतो. पण घाबरलेला माणूस शिकलेलं विसरतो, ताई. पाय काढणारच तो. त्याला एवढी मोठी शिक्षा कशाला?"

मला ते पटलं नाही, पण काम रंगतदार होतं. डब्यातल्या चकत्या बदलल्या, मागच्या स्प्रिंगा मऊ केल्या, आणि मान्यतेच्या चाचणीला पाच महिने उरले असताना तोल लावायला गाडी काट्यांवर चढवली. बारक्या सीटवर बसला. मी बटण दाबलं, रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं, आणि पडद्यावर आलं, सदुसष्ट किलो सहाशे.

"हल," मी म्हणाले. "नीट बस. दाराला टेकलायस का?"

तो नीट बसला. सदुसष्ट सहाशे. त्याला उतरवलं, परत बसवलं. सदुसष्ट सहाशे. सहा किलो चारशे ग्रॅम गेले कुठे?

आता कोणीही शहाणी बहीण काय करेल? भावाच्या तोंडाकडे बघेल. मी काट्यांकडे पाहिलं. वीस-वीस किलोची खात्रीची वजनं चारही काट्यांवर ठेवून पाहिली. तीन काटे चोख निघाले आणि चौथ्यात शंभर ग्रॅमची चूक सापडली. मला तेवढंच हवं होतं. शंभर ग्रॅमच्या चुकीने सहा किलो जात नाहीत हे पहिलीतलं पोर सांगेल, पण माझा पारा चढला होता. सगळे काटे बिघडलेत म्हणून मी जाहीर केलं, बनवणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या आणि चारही काटे दुरुस्तीला पाठवून दिले.

बारक्या तिथेच हेल्मेट हातात धरून उभा होता. "ताई, मीच थोडा उतरलो असेन."

"सहा किलो? तू काय, भाजीची पिशवी आहेस का उतरायला? आणि खरंच उतरला असशील तर सांग बाबा आत्ताच. मग माझा सगळा हिशेब पहिल्यापासून. पाच महिन्यांत गाडी होत नाही मग."

तो हसला. "नको, नको. काटाच बिघडला असेल," म्हणाला.

हे माझं बोलणं शब्दाला शब्द माझ्या लक्षात आहे. देवाने विसरायची सोय सगळ्यांना सारखी दिलेली नाही.

तीन आठवड्यांनी काटे परत आले. सोबत कागद होता, शंभर ग्रॅमचा फरक काढला आहे, बाकी दोष नाही. मी कागद वाचून चुरगळला. बारक्याला बसवलं आणि बटण दाबलं. चौऱ्याहत्तर किलो, शून्य ग्रॅम.

"बघा!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. "मुकाट्याने दुरुस्त केले आणि वर म्हणतात दोष नाही!"

त्याच सुमाराला आमचा टायरवाला तक्रार घेऊन आला. चाकांचा तोल साधायला रिमला आतून शिशाच्या पट्ट्या चिकटवतात, साठ-साठ ग्रॅमच्या. त्यांचं एक अख्खं खोकं गायब झालं होतं. मी त्यालाच झापलं. टायरवाल्याला मासे धरायचा नाद होता आणि गळाला शिसं लागतं. तो बिचारा शपथा घ्यायला लागला. दोन महिन्यांनी दुसरं खोकं अर्धं झालं, तेव्हा मी त्याच्याशी बोलणंच सोडलं.

आणखीही एक गोष्ट होती. पूर्वी बारक्या आला की जॅकेट काढून माझ्या अंगावर फेकायचा आणि मी बडबडत ते खुंटीला लावायचे. आता तो जॅकेट उतरवेना. थंडी वाजते म्हणायचा. ट्रॅकवर सलग तीस फेऱ्या मारणारा माणूस सहा फेऱ्यांत आत यायचा, गाडीतच डोळे मिटून बसायचा. मी म्हणायचे, लग्न मानवलं तुला, आळशी झालास. तो म्हणायचा, "हो गं, सुखावलोय." मी डोळ्यांत तेल घालून गाडी बघत होते आणि गाडी छान चालली होती. शेवटच्या तोलाच्या दिवशीही तो चौऱ्याहत्तर भरला. मी कागदावर सही केली. त्या दुपारी लांब डाव्या वळणावर त्याने मुद्दाम भर वेगात पाय काढला. मागचा भाग जरासा हलला, पुढच्या चाकांनी गाडी धरली आणि ती आपल्या वाटेने निघून गेली. तो आत आला, काच खाली केली.

"आता नाही रागावत ती," म्हणाला. इतका आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर लग्नातही पाहिला नव्हता.

मान्यता मिळाली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो घरी जेवणाच्या टेबलापाशी कोसळला. पोटात गाठ होती आणि ती पार यकृतापर्यंत गेली होती. डॉक्टर बाई तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. पाच-सहा महिने आधी आला असता तर काही करता आलं असतं, म्हणाल्या. मग विचारलं, "वजन कधीपासून उतरत होतं?"

खोलीत मी आणि भावजय, दोघीच होतो. भावजयीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. फरशीवर एक तडा होता, तो अजून मला काढून दाखवता येईल. सदुसष्ट किलो सहाशे माझ्या ओठांवर आले होते, आणि मी ते गिळले. कारण माझ्याकडे दुसराही आकडा होता ना! नंतर दोनदा तो चौऱ्याहत्तर भरला होता. सहीनिशी. म्हणजे पहिल्यांदा काटाच चुकला होता, माझा काही दोष नव्हता. हे मी मनाशी इतक्यांदा घोकलं, की रडायला येईल तेव्हा रडण्याऐवजी तेच म्हणायचे.

सात आठवड्यांत बारक्या गेला. शेवटच्या दिवसांत मी त्याला एका हाताने उठवून बसवत असे. मला वजनं हातानेही कळतात. मी मुद्दाम अंदाज बांधायचे नाही.

वर्ष उलटलं. वाळूच्या पिशव्या मी तशाच ठेवल्या, नवा ड्रायव्हर ऐंशी किलोचा असला तरी. मालक दोनदा म्हणाले, त्या हलवा. मी हलवल्या नाहीत आणि त्यांनी परत विषय काढला नाही.

आणि मागच्या शनिवारी दुपारी भावजय कारखान्यात आली. सुट्टीमुळे मी एकटीच होते, कामाच्या टेबलावर चहाचा कप ठेवून बसले होते. तिच्या एका खांद्याला पर्स होती आणि दोन्ही हातांत मोठी कापडी पिशवी. दारातून माझ्यापर्यंत येताना तिने ती दोनदा खाली ठेवली.

"वन्सं, कपाट आवरलं," ती म्हणाली. "यांचं जॅकेट. ते कारखान्याचं ना, म्हणून आणलं. एवढं जड असतं होय हे? कसं घालून फिरायचे कोण जाणे."

ड्रायव्हरचं जॅकेट दीड किलोचं असतं. मी पिशवी उचलली आणि माझ्या हातांना सगळं कळलं. डोक्याला पोचायला थोडा वेळ लागला. जॅकेट टेबलावर उलटं पसरलं. अस्तर एका बाजूने उसवून, परत वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवलेलं होतं. पुरुषाचे टाके. मी कात्रीने ते उसवलं.

आत शिशाच्या पट्ट्या होत्या. पाठीवर, कमरेभोवती, ओळीने चिकटवलेल्या. डाव्या-उजव्या बाजूला मोजून सारख्या, म्हणजे तोल जाऊ नये म्हणून. हे त्याला मीच शिकवलं होतं. खालच्या थराचा गोंद वाळून पिवळा पडला होता, त्यावर दुसरा थर नवा होता. मी एकेक पट्टी सोलून काढली आणि मोजली. एकशे ऐंशी. साठ ग्रॅमच्या एकशे ऐंशी पट्ट्या म्हणजे दहा किलो आठशे. काट्यावर ठेवून पाहिल्या, दहा किलो आठशेच भरल्या. मी जेवायला बाहेर गेले की हा माणूस एकटाच काट्यावर चढत असणार, पट्ट्या मोजत असणार आणि अस्तर शिवत असणार. माझी गाडी वेळेवर व्हावी म्हणून. मी ओरडू नये म्हणून. ज्या दिवशी मी अभिमानाने सही केली त्या दिवशी माझा भाऊ त्रेसष्ट किलो दोनशे होता.

"हे काय आहे, वन्सं?" भावजयीने विचारलं.

मग मी सांगितलं. पहिला आकडा, माझं ओरडणं, दुरुस्तीला पाठवलेले काटे, टायरवाल्यावर घेतलेला आळ, डॉक्टरांसमोर गिळलेलं उत्तर. काहीही मागे ठेवलं नाही. सांगताना मी रडत होते आणि माझ्या रडण्याचाच मला राग येत होता.

ती उभीच होती. तिने पर्स उघडली, दवाखान्याच्या कागदांचं पुडकं काढलं आणि त्यातून एक घडी घातलेला कागद माझ्यापुढे ठेवला. शेवटच्या तोलाचा कागद होता तो. चार चाकांचे चार आकडे, खाली ड्रायव्हर, चौऱ्याहत्तर किलो, आणि त्याखाली माझी सही.

"पँट ढिल्या व्हायला लागल्या होत्या त्यांच्या," ती हळू म्हणाली. "मी मागे लागले होते, डॉक्टरकडे चला म्हणून. मी रोज कटकट करायचे. मग एका संध्याकाळी हे हा कागद घेऊन आले. म्हणाले, बघ, ताईच्या काट्यावर मोजलंय. ताईचा काटा ग्रॅमलाही चुकत नाही. तेव्हा मी गप्प बसले."

मी कागदावरच्या माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"डॉक्टरांनी विचारलं ना, तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं, तुम्ही सांगाल, नाही हो, वजन अगदी तेवढंच होतं म्हणून. तुम्ही बोललाच नाहीत."

"त्या पहिल्या दिवशी मी तुला एक फोन केला असता," मी म्हणाले, "तर तू त्याला ओढत नेलं असतंस."

"हो," ती म्हणाली. "नेलं असतं."

तिने मला दोष दिला नाही आणि माफही केलं नाही. खुर्चीत बसली आणि जॅकेटचं रिकामं अस्तर हाताने सारखं करत राहिली. तिच्या बाहीतून मनगट दिसत होतं. घड्याळ कोपरापर्यंत वर सरकवलेलं, तरी सैल. गळ्याची हाडं वर आली होती. चौदा महिने मी तिच्या तोंडाकडे बघायचंच टाळत होते, त्यामुळे हे मला आत्ता दिसत होतं.

मी पट्ट्या काट्यावरून बाजूला केल्या. "ऊठ," मी म्हणाले. "चपला काढ आणि यावर उभी राहा."

"मला काय झालंय?"

"उभी राहा म्हणते ना."

ती उभी राहिली. पडद्यावर आकडा थोडा हलला आणि थांबला. त्रेचाळीस किलो दोनशे.

"आधी किती होतीस?"

"चोपन्न-पंचावन्न असेन." तिने खाली वाकून आकडा पाहिला आणि कसनुसं हसली. "तुमचा काटा बिघडलाय, वन्सं."

"काटा बरोबर आहे," मी म्हणाले. दिवे बंद केले, कारखान्याला कुलूप लावलं आणि तिचा दंड धरून तिला तशीच डॉक्टर बाईंकडे घेऊन गेले.